क्रोशे: नेहमीच्या सुईवर न होणारे पॅटर्न कसे तयार करतात? हेअरपिनपासून लाटण्यापर्यंत सगळं समजून घ्या

रील बघताना एखादी जाळीदार ओढणी दिसते. तुम्ही ती सेव्ह करता, सुई-दोरा घेऊन बसता आणि मग कळतं की हे नेहमीच्या क्रोशाच्या सुईवर होतच नाही. त्यासाठी वेगळंच काहीतरी हत्यार लागतं.

रेणापूरला माझ्या मावशीचं असंच झालं. व्हिडिओत 'हेअरपिन क्रोशे' असं नाव होतं. ती लातूरला गेली तेव्हा दुकानात हेअरपिन मागितली. दुकानदाराने केसांच्या पिनांचं पाकीट काढून दिलं. घरी सगळे हसले. पण गंमत म्हणजे दुकानदार फार चुकला नव्हता. ते का, हे पुढे येईलच.

आपल्याकडे क्रोशे काही नवीन नाही. दाराचं तोरण, थाळपोस, टीव्हीवरचा रुमाल, बाळंतविड्यातलं टोपडं, रुखवतात मांडलेली रुमालांची चळत, हे सगळं घराघरांत आहे. नवीन आहे ते पॅटर्न विकणं. आधी नमुना बघून नमुना उचलला जायचा. आता तो लिहून, तक्ता काढून, पीडीएफ करून विकता येतो. पण ज्या पॅटर्नला वेगळं हत्यार लागतं, तो लिहिणं जास्त जबाबदारीचं काम आहे. कारण विकत घेणारी बाई पुण्यात असेल, तशी रेणापूरलाही असेल.

तर समजून घेऊ, हे पॅटर्न असतात काय, त्यांचं गणित कसं चालतं आणि ते लिहिताना काय सांभाळायचं.

आधी साधा क्रोशे म्हणजे काय, ते एका मिनिटात

दोन सुयांच्या विणकामात एका ओळीचे सगळे टाके सुईवर उघडे असतात. सुई निसटली की टाके सुटले. क्रोशात तसं नसतं. एका वेळी साधारण एकच लूप सुईवर जिवंत असतो, बाकीचे टाके पूर्ण होऊन कापडात बसलेले असतात. म्हणूनच क्रोशे कुठेही थांबवता येतो, कुठल्याही दिशेला वळवता येतो.

मराठीत याची भाषाही छान आहे: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. आणि इथे आपल्याला एक फायदा आहे. इंग्रजी पॅटर्नमध्ये एकाच नावाचे दोन अर्थ होतात:

- आपला मुका खांब = अमेरिकन 'सिंगल क्रोशे' = ब्रिटिश 'डबल क्रोशे'
- आपला खांब = अमेरिकन 'डबल क्रोशे' = ब्रिटिश 'ट्रेबल'

म्हणजे 'डबल क्रोशे' वाचलं की आधी पॅटर्न कुठल्या देशाच्या पद्धतीचा आहे ते बघावं लागतं. ते न बघता सुरुवात केली तर स्वेटरची उंची पार बदलते. मराठीत 'खांब' लिहिलं की हा घोळच होत नाही.

वेगळं हत्यार लागतं ते नेमकं कुठे?

प्रकार बरेच आहेत. त्यातले चार आपण नीट बघू.

१. हेअरपिन लेस

यात दोन समांतर दांड्यांचा एक काटा असतो, इंग्रजी यू अक्षरासारखा. दोऱ्याचा वेढा दोन्ही दांड्यांभोवती पडतो आणि मधोमध नेहमीच्या सुईने मुका खांब घालतात. मग काटा फिरवायचा. फिरवला की दुसऱ्या बाजूला नवीन लूप तयार होतो. असं करत मधे एक कणा आणि दोन्ही बाजूंना लांब लूप अशी पट्टी तयार होते. अशा पट्ट्या एकमेकींना जोडल्या की स्टोल किंवा ओढणी होते.

व्हिक्टोरियन काळात हे काम बायका केसांच्या धातूच्या पिनांवरच करायच्या. नाव तिथूनच आलं. म्हणून म्हटलं, दुकानदार फार चुकला नव्हता.

डिझाइन करताना गणित काय? पट्टीची रुंदी ठरते दोन दांड्यांमधल्या अंतरावर. लांबी ठरते लूपच्या संख्येवर. जोडताना एका पट्टीचे ५ लूप दुसरीच्या ५ लूपमधून ओढून घेणार असाल, तर प्रत्येक बाजूचे लूप ५ च्या पटीत हवेत आणि सगळ्या पट्ट्यांवर सारखेच हवेत. २०० लूप मोजताना चूक होणारच. त्यामुळे पॅटर्नमध्येच लिहा: दर ५० लूपनंतर वेगळ्या रंगाचा दोरा बांधा.

आणखी एक. ६ सेंटीमीटरच्या ८ पट्ट्या म्हणजे ४८ सेंटीमीटर, असा हिशेब करू नका. जोडताना लूप एकमेकांत जातात, रुंदी कमी होते. दोन छोट्या पट्ट्या करून, जोडून, मोजून मगच आकडा लिहा.

२. ब्रूमस्टिक लेस

नावात झाडूचा दांडा आहे, आणि खरंच तसाच जाड गोल दांडा यात लागतो. प्रत्येक टाक्यातून लूप लांब ओढून दांड्यावर चढवतात. पूर्ण ओळ चढली की ५-५ लूप एकत्र धरून, त्या गटात ५ मुके खांब घालत दांड्यावरून उतरवतात. ५ लूप उतरले, ५ टाके तयार झाले, म्हणजे ओळीतली संख्या तेवढीच राहते. मोरपिसाच्या डोळ्यासारखी सुंदर जाळी दिसते.

इथे सगळा पॅटर्न ५ च्या पटीत बसवायचा. ४ चे गट केले तर ४ मुके खांब, म्हणजे टाके ४ च्या पटीत. हे एक वाक्य पॅटर्नच्या सुरुवातीला लिहिलं की वाचणारी स्वतःच रुंदी कमी-जास्त करू शकते.

घरात दांडा शोधायला गेलं की पहिलं हाताला लागतं लाटणं. पण आपलं लाटणं बहुतेक वेळा मधे फुगीर आणि टोकांना निमुळतं असतं. त्यावर मधले लूप मोठे आणि कडेचे लहान होतात. त्यापेक्षा प्लंबिंगच्या दुकानातून प्लॅस्टिक पाइपचा हातभर तुकडा घ्या, टोकं पॉलिश पेपरने घासा. काम झालं. फक्त पाइपचा नंबर न लिहिता बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून लिहा, कारण पाइपच्या प्रकारानुसार तो बदलतो.

३. ट्युनिशियन क्रोशे

हा क्रोशे आणि दोन सुयांच्या विणकामाच्या मधला प्रकार. जाताना प्रत्येक टाक्यातून एक लूप काढून सगळे लूप सुईवरच ठेवायचे. येताना एकेक करून सोडायचे. जाणं आणि येणं मिळून एक ओळ. काम उलटायचं नाही.

आता नेहमीच्या १५ सेंटीमीटरच्या सुईवर, जिच्या मधे अंगठा ठेवायला चपटी जागा असते, सगळी ओळ मावणार कशी? म्हणून यासाठी लांब, सरळ आणि शेवटी गाठ असलेली सुई असते. खूप रुंद कामासाठी मागे लवचिक केबल जोडलेली सुई मिळते.

डिझाइन करताना दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, हे कापड गोल गुंडाळतं. त्यावर उपाय म्हणजे त्याच दोऱ्याला नेहमी वापरता त्यापेक्षा जाड सुई आणि कडेला वेगळ्या टाक्यांची किनार. दुसरी, सुईची लांबी हीच कापडाच्या रुंदीची मर्यादा. तुमच्या ग्राहकाकडे केबलची सुई नसेल असं गृहीत धरून ब्लँकेट ३-४ पट्ट्यांत विभागून द्या. जोड दिसणारच असेल तर त्याला डिझाइनचा भाग करा.

याच घराण्यात दोन्ही टोकांना हूक असलेली सुईही येते. दोन रंगांचे दोन गुंडे घेतले की कापडाच्या दोन बाजूंना दोन वेगळे रंग उठून दिसतात.

४. मण्यांचा क्रोशे

इथे हत्यार साधंच, पण पद्धत उलटी. मणी आधी दोऱ्यात ओवून घ्यायचे, मग विणायला सुरुवात. म्हणजे जो मणी सगळ्यात शेवटी ओवला, तो सगळ्यात आधी विणला जातो. रंगीत नक्षी असेल तर ओवण्याचा क्रम विणण्याच्या बरोबर उलटा लिहावा लागतो. हा क्रम चुकला तर ४०० मणी उसवण्याशिवाय मार्ग नाही.

दुसरी अडचण: मुका खांब घालताना मणी कापडाच्या मागच्या बाजूला बसतो. तोरणासारख्या सपाट कामात एक ओळ इकडून, एक तिकडून होते. त्यामुळे मणी फक्त उलट्या बाजूच्या ओळींतच घ्यायचे, हे पॅटर्नमध्ये ठळक लिहा. मण्याचं भोक आणि दोऱ्याची जाडी यांची जोडीही द्या. नाहीतर वाचणारी मणी आणेल आणि दोरा आतच जाणार नाही.

हत्यार बदलल्याने खरंच एवढा फरक पडतो? गणिताच्या प्राध्यापिकेची गोष्ट

डायना तायमिना या मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांच्यासमोर एक प्रश्न होता. 'हायपरबोलिक' नावाची भूमिती असते. तिच्यातला पृष्ठभाग कडेला जाईल तसा पसरत राहतो, झालरीसारखा. तो विद्यार्थ्यांच्या हातात देता येईल असा बनवायचा कसा? कागदाची मॉडेल होती, पण ती हाताळली की फाटायची.

तायमिना यांनी आधी दोन सुयांवर प्रयत्न केला. पण टाके इतक्या वेगाने वाढतात की सुईवर ते मावेनात. मग त्यांनी क्रोशाची सुई घेतली. जिवंत लूप एकच असल्याने टाके कितीही वाढले तरी फरक पडत नव्हता. काम झालं. पुढे यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

त्यातला नियम अगदी सोपा आहे: दर ५ टाक्यांनंतर १ टाका वाढवा. २० टाक्यांनी सुरुवात केली तर १० ओळींनंतर ते सुमारे १२४ होतात आणि २० ओळींनंतर सुमारे ७६७. आणि दर २ टाक्यांनंतर १ वाढवला तर? १० ओळींतच टाके हजाराच्या पुढे जातात. गुंडा कधी संपला ते कळणारही नाही.

याच कल्पनेवरून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५ मध्ये क्रोशाची प्रवाळभिंत करायला घेतली. समुद्रातल्या प्रवाळांचा आकारही असाच झालरीचा असतो.

आणखी एक उदाहरण २००४ चं. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या हिंके ओसिंगा आणि बर्न्ड क्राउसकोप्फ या गणितज्ञांनी 'लॉरेन्झ मॅनिफोल्ड' हा गुंतागुंतीचा आकार क्रोशात आणला. ओसिंगा यांनी त्यासाठी २५,५११ टाके घातले आणि ८५ तास लागले. आकार उभा राहावा म्हणून त्यात तार घालावी लागली. आणि त्यांनी टाक्या-टाक्याच्या सूचना छापून सगळ्यांना खुल्या केल्या. म्हणजे तोही शेवटी एक पॅटर्नच.

उलट, सपाट गोल रुमाल हवा असेल तर? मुक्या खांबात दर फेरीला साधारण ६ टाके वाढवा, खांबात साधारण १२. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. आपल्या आज्या हे न लिहिता करायच्या.

पॅटर्न लिहायला बसताना: सहा पायऱ्या

पहिली: हत्यार खरंच हवं का ते ठरवा. तोच परिणाम साध्या सुईने येत असेल तर नवीन हत्यार लादू नका. लांब लूपची जाळी हवी असेल तर लूप नुसता लांब ओढून त्याला गाठ मारण्याची पद्धतही आहे. तिला साधी सुई पुरते.

दुसरी: पर्याय द्या. प्रत्येक वेगळ्या हत्यारासमोर 'हे नसेल तर' अशी एक ओळ हवी. हेअरपिनच्या काट्यासाठी स्वेटरच्या दोन सरळ सुया समांतर धरून, लाकडाच्या दोन छोट्या पट्ट्यांना भोकं पाडून त्यात बसवता येतात. सायकलचे दोन जुने स्पोकही चालतात, फक्त टोकं घासून घ्या. क्रोशाचा इतिहासच असा आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधल्या गरीब बायका वाकवलेली सुई बुचाच्या मुठीत खोचून लेस विणायच्या. त्या लेसने बटाट्याच्या दुष्काळात अनेक घरांना आधार दिला.

तिसरी: नंबर नको, मिलिमीटर लिहा. आपल्याकडे स्वेटरच्या सुयांना जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी आणि ८ नंबर म्हणजे ४ मिमी. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन पद्धतीत वेगळीच गणना. मिलिमीटर सगळीकडे एकच.

चौथी: नमुना विणून मोजा. १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा विणा आणि टाके मोजा. तुमचे १० सेंटीमीटरमध्ये १६ टाके येत असतील तर ८० टाक्यांचा पट्टा ५० सेंटीमीटर होतो. दुसरीचा हात घट्ट असेल, तिचे १८ येत असतील, तर तोच पट्टा साधारण ४४ सेंटीमीटर. वेगळ्या हत्यारात हा फरक आणखी वाढतो, कारण हात बसलेला नसतो.

दोऱ्याचा अंदाजही याच तुकड्यावरून येतो. तो वजनकाट्यावर ठेवा. समजा ६ ग्रॅम भरला. ५० बाय १५० सेंटीमीटरच्या स्टोलमध्ये असे ७५ तुकडे बसतात, म्हणजे ४५० ग्रॅम. वरती थोडा जास्त धरून ५०० ग्रॅम लिहा. तालुक्याच्या ठिकाणी त्याच रंगाचा दोरा पुन्हा मिळेलच असं नसतं.

पाचवी: तक्ता आणि शब्द दोन्ही द्या. साखळी, खांब यांच्या खुणा बहुतेकांना कळतात. पण हेअरपिनचा कणा किंवा ट्युनिशियनची परतीची ओळ यांना ठरलेली खूण नसते. तुम्ही जी खूण वापराल तिचा अर्थ पहिल्याच पानावर द्या. हात कुठे आणि दोरा कुठे, याचे तीन-चार फोटो हजार शब्दांचं काम करतात.

सहावी: तीन जणींकडून विणून घ्या. एक नवशिकी, एक मुरलेली, आणि एक जिच्याकडे ते हत्यार नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पॅटर्न कुठे अडतो ते तीच सांगेल.

हे सगळं करून पैसे मिळतात का?

इथे थोडं कडू बोलावं लागेल.

आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांमुळे तिथे क्रोशाची लेस आली आणि पुढे परदेशात निर्यात होऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांचा अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यावर पुस्तक आलं. त्यात दिसलं ते असं: बायका रोज कित्येक तास विणत होत्या, पण सगळे त्यांना 'घरी बसून फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी' समजत होते. काम 'फावल्या वेळातलं' ठरलं की मजुरीही तशीच ठरते. पैसा व्यापारी आणि निर्यातदारांकडे गेला. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला जीआय टॅग मिळाला, ही चांगली गोष्ट. पण कामाला नाव मिळायला किती काळ गेला, तेही बघा.

आपल्याकडेही रुखवतातल्या रुमालाचं कौतुक होतं, पण त्याला किती तास लागले ते कुणी विचारत नाही.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. खरा क्रोशे मोठ्या प्रमाणावर विणणारं मशीन अजून बाजारात वापरात नाही. 'क्रोशे मशीन' म्हणून कारखान्यात जे असतं ते दिसायला तसं, पण वेगळ्या प्रकारचं विणकाम करतं. म्हणजे एखादा खरा क्रोशाचा टॉप अगदी स्वस्तात मिळत असेल, तर तो कुणाच्या तरी हातानेच विणलेला आहे आणि त्या हातांना फार कमी पैसे मिळाले आहेत.

पॅटर्न विकणं यातून थोडी वाट काढतं. वस्तू एकदाच विकली जाते, पॅटर्न अनेकदा. आणि वेगळ्या हत्याराचा, नीट तपासलेला मराठी पॅटर्न फारसा कुठे नाही. तिथे जागा आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा पॅटर्न कुणी चोरला तर? भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तुम्ही लिहिलेला मजकूर, काढलेला तक्ता आणि काढलेले फोटो यांना नोंदणी न करताही संरक्षण मिळतं. पण टाका किंवा पद्धत कुणाच्या मालकीची होत नाही. ब्रूमस्टिक लेस सगळ्यांची, तुमचं लिखाण तुमचं.

इंग्रजी पॅटर्न मराठीत सांगून व्हिडिओ केला तर चालेल? भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो. आधी परवानगी विचारा. अनेक डिझायनर आनंदाने देतात.

सुरुवात कशापासून करू? ब्रूमस्टिकपासून. पाइपचा तुकडा स्वस्त मिळतो आणि ५ चं गणित सोपं आहे.

सगळ्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी विणून एकत्र जोडायचं असेल तर? मग माप हाच पॅटर्न. चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ११ हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं ब्लँकेट जोडून गिनेस विक्रम केला. तुकडे वेगवेगळ्या हातांचे होते. अशा कामात टाका कुठला हे थोडं ढिलं सोडता येतं, माप नाही.

आणि मावशीच्या हेअरपिनचं काय झालं? भाच्याच्या जुन्या सायकलचे दोन स्पोक आणि लाकडी पट्टीचे दोन तुकडे. पहिल्या पट्टीत एका बाजूला दोन लूप कमी भरले, ती उसवली. दुसरी बरोबर आली. आता ती नवरात्रासाठी तोरण करते आहे, आणि या वेळी पहिल्यांदाच, किती तास लागले ते कॅलेंडरवर लिहून ठेवते आहे.